बायकांची कळशी वेगळी

खोली बघायला गेलो त्या दिवशी घरमालकांनी आमची चौकशी अशी केलीच नाही. ओट्यावरच्या खाटेवर मांडी घालून बसले होते. आमचे हे हातात ट्रंक धरून, घामाघूम होऊन समोर उभे, आणि म्हातारा त्यांच्याकडे नुसता टक लावून बघतोय. मी भाड्याचं काढणार तेवढ्यात मान डोलावून म्हणाले, "रडनारे हाये."

"कोण?" मी विचारलं.

"तुमचे यजमान. भांग पेले तं रडनार. ढसाढसा रडनार, पाहून घ्या. पन मानूस साफ हाये. रडनारे मनाचे साफ असतात. खोली पाह्यजे तं घ्या."

आमचे हे जन्मात सुपारीच्या पुढे गेले नव्हते. त्यांनी ट्रंक खाली ठेवली आणि माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मीच ह्या माणसाला काही सांगून ठेवलं होतं. पण देऊळगाव राजात त्या दिवसांत दुसरी बरी खोली मिळत नव्हती. महाराष्ट्र होऊन थोडीच वर्षं झालेली. मला तिथल्या मुलींच्या शाळेत नोकरी लागली होती आणि ह्यांची कचेरी बुलढाण्याला. हे शनिवारी एस.टी.नं यायचे, सोमवारी पहाटेच्या गाडीनं परत. बाकीचे दिवस मी एकटी. तेव्हा घरमालक कसाही असो, घरात एक वडीलधारी बाई आहे एवढं बघितलं आणि ट्रंक आत नेली.

अख्खं गाव त्यांना दरोगाजी म्हणायचं. इंग्रजांच्या काळापासून ते आबकारी खात्यात होते. भांग-गांजाची परवान्याची दुकानं तपासायची, माल तोलून बघायचा, चोरटी झाडं उपटायची, ही त्यांची नोकरी. पेन्शनीत निघाले तरी खाकी कोट अंगावरून उतरला नव्हता. त्याची पितळी बटणं ते रोज चिंचेनं घासायचे, आणि त्यातली निम्मी तुटली होती तिथं त्यांच्या बायकोनं, म्हणजे काकूंनी, सदऱ्याची पांढरी बटणं लावून दिली होती. दुसरी खोड म्हणजे हुंगण्याची. जे काही प्यायचं ते आधी नाकाशी न्यायचं. चहा हुंगायचा, ताक हुंगायचं. बालाजीच्या देवळात पुजाऱ्यानं तीर्थ दिलं तर तेही हुंगायचे, आणि समाधान झाल्यासारखी मान हलवून मग घ्यायचे. पुजारी चिडायचा. "दरोगाजी, तीर्थ हाये थे!" "हाव ना, म्हनूनच पाहून राह्यलो," दरोगाजी म्हणायचे.

आणि स्वतः? वर्षातून एक दिवस. महाशिवरात्रीला. एरवी तंबाखूसुद्धा नाही. पण तीस वर्षं दुसऱ्यांची नशा बघत बघत त्यांनी एक शास्त्र तयार केलं होतं, आणि गावात कुणीही नवा माणूस आला की तो त्यांच्या शास्त्रात बसवल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागत नसे. पुरुषांचे त्यांनी प्रकार पाडले होते. भांग घेतल्यावर कुणी हसतो, कुणी रडतो, कुणी खातो, आणि कुणी ब्रह्मज्ञान सांगतो. नवा मामलेदार जीपमधून उतरला तर दरोगाजींनी लांबूनच सांगितलं, "खानारा." आमच्या शाळेत तपासणीला साहेब आले, तर फाटकाशी उभे राहून मला हळूच म्हणाले, "ब्रह्मज्ञानी हाये. याले पाजू नका, सुट्टी होनार नाई पोरीयची." जसं काही मी शाळेत भांगेची घागर भरून ठेवली होती!

"आणि बायका?" मी एकदा विचारलं. "बायकांचे किती प्रकार?"

"एकच." बोट वर करून, डोळे मिटून. "बाईले भांग चढली का बाई खरं बोलते. पुरुषाची भांग पोटात उतरते, बाईची जिभेवर चढते. याच्याहून जास्ती काई नाई."

हा कायदा कुठून आला? तर देऊळघाटाकडच्या एका लग्नातून. ते आमंत्रित म्हणून गेले होते. कुणा टवाळानं भज्यांच्या पिठात भांग कालवली, आणि भज्यांचं ताट चुकून विहीणबाईंच्या पंगतीत गेलं. गोष्ट सांगताना दरोगाजी अजूनही घाबरे व्हायचे. "पुरुष बी खाल्ले होते थेच भजे. कोनी हासून राह्यला, कोनी लाडू मांगून राह्यला. पन नवरदेवाची माय! उठली, पदर खोचला, आन भर मांडवात म्हने, माह्या पोराले कमी ऐकू येते, तुमच्यापासून लपवलं आमी. आन म्हने, माह्या नवऱ्याले घरात कोनी इचारत नाई, याच्या पाया कायले पडता? बाप्पा बाप्पा! पुरुषाचा फेटा हातात राह्यला."

"मग लग्न मोडलं?"

"नाई मोडलं. पन थो सासरा मंग उभ्या जन्मात सभेत बसला नाई."

घ्या! एका विहिणीवरून समस्त स्त्रीजातीचा कायदा. मी म्हटलं, "दरोगाजी, बायकांना खरं बोलायला भांग लागत नाही. ऐकायला कुणी बसलं तर त्या दूध पिऊनही बोलतील." ते म्हणाले, "तुमी मास्तरीन, तुमाले शिकवलेलं हाये. मी पाह्यलेलं सांगून राह्यलो." कपाळ!

त्या कायद्यामुळे शिवरात्रीला महादेवाच्या देवळात दोन भांडी असायची. पुरुषांची पितळी घागर आणि बायकांची तांब्याची कळशी. घागरीत भांग, कळशीत नुसतं दूध, साखर, बडीशेप. वाटपाला दरोगाजी स्वतः, खाकी कोट घालून. एखादी धीट बाई वाटी घेऊन घागरीकडे वळली तर काठी आडवी यायची. "बायकांची कळशी वेगळी!" गावातल्या पोरी खेळातसुद्धा तसंच ओरडायच्या.

आणि ती घागर तयार कोण करायचं? काकू. आदल्या दिवशी पाला भिजत घालायचा, सात पाण्यांनी धुवायचा, उकळायचा, पिळायचा. मग पहाटेपासून पाट्यावर बसून वाटायचं, बडीशेप, खसखस, मिरे, बदाम घालून, लोण्यासारखं मऊ होईपर्यंत. मग फडक्यानं गाळायचं. कोपरापर्यंत हात हिरवे तिचे, कंबर मोडायची तिची, आणि दरोगाजी उंबऱ्यात उभे राहून सांगणार, "बोट तोंडात घालू नको हं वं!" माय माझी! अशा वेळी मला वाटायचं, पाटाच घालावा ह्या माणसाच्या डोक्यात.

काकू मात्र कधी उलटून बोलल्या नाहीत. ठेंगणी, सावळी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, आणि बोलणं म्हणजे "हाव" आणि "बरं". लग्न होऊन चाळीसेक वर्षं झाली असतील. मुलगा नोकरीला अकोल्याला, तो दिवाळीला यायचा. मला त्या "पोरी" म्हणायच्या, आणि मी शाळेतून आले की काही न बोलता चहाचा कप पुढे करायच्या. पण गरीब गाईला शिंगं नसतात असं कुणी समजू नये.

मी तिथं राहायला गेले त्याच्या पुढच्याच शिवरात्रीची गोष्ट. आदल्या संध्याकाळी चार माणसं ओट्यावर बसलेली. कुणीतरी म्हणालं, काकूंच्या हाताला चव आहे, एवढी बारीक भांग जिल्ह्यात कुणी वाटत नाही. दरोगाजी म्हणाले, "हात तिचा असला तरी डोकं मायं हाये. बाईच्या भरवशावर भांग म्हनजे माकडाच्या हाती कोलीत." सगळे हसले. काकू दारामागं चहा घेऊन उभ्या होत्या. त्यांनी चहा दिला, कप गोळा केले, आत गेल्या.

पहाटे मी पाणी तापवायला उठले तर काकू पाट्यावर बसलेल्या, वरवंटा नेहमीसारखा फिरतोय, पण वास काही निराळाच. वाकून बघते तर पालक! मागच्या वाफ्यातली ताजी, हिरवीगार पालक. खरा पाला फडक्यात बांधून तुरीच्या कणगीत खुपसलेला. मी "काकू!" म्हटलं तर त्यांनी हिरवं बोट ओठांवर ठेवलं. "मिरे जास्त घातले," एवढंच म्हणाल्या. "आन बडीशेप. वास येनार नाई."

आणि दरोगाजींनी ते हुंगलं! घागरीवर वाकून, डोळे मिटून, लांब श्वास घेतला आणि म्हणाले, "वा. औंदा माल कडक हाये. सांभाळून घ्या रे."

आता पुढचं ऐका. घागर रिकामी झाली. सगळे देवळाच्या पायरीवर नशा चढायची वाट बघत बसले. मग किराणा दुकानदाराला खुदकन हसू आलं. त्याला बघून शेजारच्याला आलं. हां हां म्हणता अर्धं देऊळ पोट धरून लोळायला लागलं. बँकेतला कारकून, जो एरवी "बसा" म्हणायलाही महाग, तो आत्मा आणि खातं ह्यांच्यात फरक काय ते पुजाऱ्याला समजावत होता. दरोगाजी स्वतः खाणारे. साबुदाण्याची उसळ संपवली, रताळी संपवली, शिंगाड्याचा शिरा संपवला, मग बेलफळाकडे बघायला लागले. आणि आमचे हे! सुट्टी म्हणून आले होते, हो-नाही करत वाटी घेतली होती. ते नंदीच्या गळ्यात हात टाकून ढसाढसा रडत होते. "मला बुलढाण्याची खानावळ नको रे," नंदीला सांगत होते. "भाजीत नुसतं तिखट असतं."

बायका कळशीभोवती बसून दूध पीत होत्या. काकूंनी पदराचा बोळा तोंडात कोंबला होता आणि त्यांचे खांदे गदगद हलत होते. मी तर देवळाच्या मागं जाऊन भिंतीला डोकं टेकून हसले. बरगड्या दुखल्या. पालक पिऊन बाप्ये झिंगले, बाई!

घरी जाताना दरोगाजी मला म्हणाले, "पाह्यलं नं? म्हन्लं होतं, रडनारे हायेत." मी म्हटलं, "हो दरोगाजी, तुमचं शास्त्र म्हणजे शास्त्र." त्यांना पालकाचं ना काकूंनी कधी सांगितलं, ना मी. ह्यांना मी सांगितलं, पण आमची धाकटी शाळेत जायला लागली तेव्हा. तर म्हणाले, "छे, मला चांगली चढली होती." आता बोला!

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं ते काकूंचे गुडघे जाईपर्यंत. आणखी दोन-तीन वर्षं गेली असतील. दिवाळीनंतर एकदा विहिरीच्या पायरीवरून त्या घसरल्या. हाड मोडलं नाही, पण दोन्ही गुडघे सुजले ते सुजलेच. दिवसा कशातरी भिंतीला धरून चालायच्या. पण आडवं पडलं की कळा सुरू. झोप म्हणून नाही. डोळ्यांखाली काळं झालं, कपाळावरचं कुंकू वाकडं यायला लागलं. चहाचा कप तेवढा त्यांनी सोडला नाही, तो मला मिळायचाच, आणि तो घेताना मला लाज वाटायची.

दरोगाजींनी उपाय करायचे बाकी ठेवले नाहीत. सरकारी दवाखान्यातल्या गोळ्या झाल्या. वाळूचं पोटीस झालं, निर्गुडीचा शेक झाला, एरंडाची पानं बांधून झाली. कुणी सांगितलं म्हणून जालन्याहून एक काळं तेल आणलं, त्याच्या वासानं मीच माहेरी जायच्या बेतात होते. शेवटी गावातले म्हातारे वैद्यबुवा आले. त्यांनी गुडघे दाबून बघितले आणि म्हणाले, "तुपात परतलेली भांग द्या. पुरुषाले मी चन्याएवढी गोळी देतो, यायले मुगाएवढी पुरे. बाईच्या अंगाले कमीच लागते. कळ बी थांबन, झोप बी येईन."

"पाह्यलं?" दरोगाजी ताडकन उठून उभे राहिले. "वैद्यबुवाच म्हनून राह्यले, बाईले जास्त चढते! माह्या घरात हे होनार नाई."

वैद्यबुवा म्हणाले, "मी जास्त चढते म्हन्लं नाई, कमी द्या म्हन्लं."

"थे एकच झालं," म्हणाले दरोगाजी, आणि बुवांची काठी त्यांच्या हातात दिली.

मला जो संताप आला! अख्ख्या गावाला घागरी पाजणारा माणूस, आणि घरच्या बाईला मुगाएवढी गोळी देईना. त्या संध्याकाळी मी ओट्यावर जाऊन उभी राहिले आणि जे तोंडाला आलं ते बोलले. म्हटलं, "तुम्हाला माणूस म्हणायचं का काय म्हणायचं? ती बाई तिकडे तळमळतेय आणि तुम्ही बटणं घासत बसा. तुमचं ते विहिणीचं शास्त्र घाला चुलीत!"

मला वाटलं, आता खोली सोडायला सांगतील. पण म्हातारा चिडला नाही. चिंच हातातच राहिली. म्हणाले, "बाई, तुमाले नाई समजनार. चाळीस वरसं झाले, तिनं मले एक उलटा शब्द बोलला नाई. एक बी नाई. म्हनजे किती जमा झालं अशीन, हिशेब करा. थे सगळं एका दिवशी भाईर निघालं, तं मी जाऊ कुठं?"

आणि मग अजून हळू, "थ्या विहिणीच्या नवऱ्याचं तोंड पाह्यलं हाये मी."

राग तर होताच, पण तो धरायला जागा राहिली नाही. मी आत गेले. काकू भिंतीला टेकून तांदूळ निवडत होत्या. त्यांनी ऐकलं असणारच. "जाऊ दे पोरी," म्हणाल्या. "भित्रा मानूस हाये थो. खाकी कोटात भित्रा मानूस." पण बोलता बोलता गुडघ्यात कळ आली आणि तोंड वेडंवाकडं झालं त्यांचं. हातातलं सूप कलंडलं. तांदूळ मीच गोळा केले.

शिवरात्र आली. पाला भिजला, धुतला, उकळला, ते काकूंनी उभ्यानं केलं. पण पहाटे पाट्यावर बसायला गेल्या तर गुडघा वाकेना. दोनदा प्रयत्न केला, तिसऱ्यांदा ओरडल्याच. मी धावत गेले तर दरोगाजी आधीच उंबऱ्यात उभे. तोंड उतरलेलं. मी म्हटलं, "द्या, मी वाटते." तर म्हणाले, "नाई. गावाची घागर हाये. मी वाटतो."

ते बसले. कोट काढून बसले, हे मी पहिल्यांदाच बघितलं. वरवंटा उचलला आणि भांग पाट्यावरून निम्मी खाली. पुन्हा गोळा केली. थोड्या वेळात कोपर पाट्यावर आपटलं. मग खसखस सगळीकडं पळाली. काकू भिंतीशी बसून म्हणत होत्या, "दाबून नाई, लोटून. पानी शिंपडा. अवो, लोटून!" उन्हं वर आली तरी ते वाटण जाडंभरडंच. म्हाताऱ्याचा सदरा घामानं चिकटला, कपाळावर हिरवा हात फिरवून फिरवून तोंड हिरवं झालं. मला हसू फुटत होतं आणि त्याच वेळी वरवंटा त्यांच्या हातातून काढून घ्यावासाही वाटत होता. शेवटी ते उठायला गेले तर उठवेना. तसेच पाट्यापाशी ओणवे, दोन्ही हात जमिनीवर. "गुडघे," म्हणाले. "अरे देवा, गुडघे." मी आणि काकूंनी दोन बाजूंनी धरून उभं केलं.

उभे राहिल्यावर ते भिंतीला धरून धरून चुलीपाशी गेले. कढईत तूप टाकलं. वाटणातलं थोडं त्यात परतलं, निवू दिलं, आणि हातावर घेऊन वळायला लागले. वळून झाली की कोनाड्यातला मुगाचा दाणा शेजारी ठेवून बघायचे, मोठी वाटली की पुन्हा मोडायचे.

घागर देवळात पाठवून दिली. स्वतः गेले नाहीत. गावात बोभाटा झाला, की दरोगाजी शिवरात्रीला घरी! दुपारी काकूंना आतल्या खाटेवर नीट निजवलं, खाकी कोट पुन्हा अंगात चढवला, आणि मला बोलावून दारात पाट मांडून दिला. "बसा बाई. मले एकट्यानं ऐकवनार नाई. साक्षीले कोनी पाह्यजे."

"कसली साक्ष?" काकू म्हणाल्या.

"तू घे थे."

काकूंनी गोळी घेतली, वर घोटभर पाणी प्याल्या आणि भिंतीकडे तोंड करून पडल्या. दरोगाजी शेजारी स्टुलावर बसले. दोन्ही हात मांडीवर, पाठ ताठ. निकाल ऐकायला आलेले आरोपी असेच बसत असतील.

"बोल," म्हणाले.

"काय बोलू?"

"जे हाये थे. मी तयार हाये."

"काई नाई बोलायचं. पाय दुखून राह्यले माये."

"असं म्हनू नको. येऊ दे वर. येईनच आता."

बाहेर कुठंतरी पारवा घुमला. दरोगाजींनी मिशीवरून हात फिरवला, कोटाचं बटण लावलं, काढलं. मग ते शांत राहणं त्यांना सोसेना.

"थे, तुह्या भावाच्या लग्नाले धाडलं नाई तुले, थे मनात ठेवलं अशीन."

काकू गप्प.

"रेल्वे दाखवाले जालन्याले नेतो म्हन्लं होतं. नाई नेलं. काम नोतं काई मले. आळस आल्ता."

मी पदर तोंडाला लावला.

"आन चार लोकांत तुह्या कढीले पातळ म्हन्लं. कढी पातळच असते, मले काय समजत नोतं? लोकांसमोर काईतरी बोलाव लागते म्हनून बोललो. आन भांग वाटाची तू, आन शिकवत होतो मी. थे आज समजलं मले. पाट्यावर बसल्यावर समजलं."

भिंतीकडचं तोंड भिंतीकडंच. म्हातारा वाकला. माझ्याकडे एकदा बघितलं, आणि मला वाटलं मी उठावं, पण उठता आलं नाही.

"आन पोरगी गेली तवा," ते म्हणाले. "तवा मी दौऱ्यावर नोतो."

त्यांची एक मुलगी लहानपणी तापानं गेली होती, हे मला आळीतल्या बायकांकडून माहीत होतं. घरात तिचं नाव कुणी काढत नसे.

"निरोप भेटला होता मले. लोणारच्या सरकारी बंगल्यात बसून होतो. बैलगाडी भाईर उभी. पन घरी यायची छाती झाली नाई. तू तिले मांडीवर घेऊन बसली अशीन, आन मले पाहून काय म्हनशीन, याचा भेव वाटला. म्हनून आलो नाई. मंग दौऱ्यावर होतो म्हनून सांगतलं. सगळ्यायले तेच सांगतलं. तुले बी."

मी जमिनीकडे बघत राहिले.

"माहीत हाये मले," काकू म्हणाल्या. तोंड वळवलं नाही.

"काय?"

"तुमचा शिपाई तवाच सांगून गेल्ता. साहेब बंगल्यात बसून रडून राह्यले, जेवत नाई म्हने, त्यायले भाकर बांधून द्या. मी देल्ली होती बांधून."

"थे भाकर तू... मंग बोलली काऊन नाई इतके वरसं?"

"तुमी बोलले नाई, मी काय बोलू? पोरगी काय माही एकटीची होती?" काकूंनी डोक्यावरून पदर ओढून घेतला. "आता उठा तिथून. झोपू द्या मले."

ते उठले. लंगडत बाहेर आले आणि ओट्यावर बसले. मी शेजारच्या पायरीवर.

ऊन कलल्यावर देवळातली मंडळी आली. दरोगाजींना न्यायला म्हणून, झांजा वाजवत, हसत, एकमेकांच्या खांद्यावर पडत. तो किराणा दुकानदार सगळ्यांत पुढं. आणि दरोगाजी काठी घेऊन त्यांच्या अंगावर धावले, पण काय धावणं ते! चवड्यांवर, आवाज न करता, तोंडावर बोट ठेवून. "चूप बे! चूप! झांज दे ती इकडं. काऊन हासून राह्यला बे? मुंडकं मुरगाळीन." सगळं कुजबुजत. झांजा काढून घेतल्या आणि कोटाच्या खिशात कोंबल्या. त्या झिंगलेल्या माणसांना वाटलं हा काही नवा विधी आहे. तेही चवड्यांवर चालत, तोंडावर बोट ठेवून, गल्लीतून परत गेले.

तेवढ्यात आतून आवाज आला. आधी बारीक, मग चांगला दणदणीत. काकू घोरत होत्या. दिवाळीपासून त्या घरात तो आवाज नव्हता. मी आत डोकावले तर गुडघे सैल टाकलेले, तोंड किंचित उघडं, कपाळावरची आठी गेलेली. लहान पोरीसारख्या दिसत होत्या.

बाहेर आले तर दरोगाजी माझी वाट बघत उभे.

"बाई," हळूच म्हणाले, "एक इचारू? तिनं म्हन्लं नं, माहीत हाये म्हनून. आन भाकरीचं. थे भांग बोलली, का ती बोलली?"

त्यांना कोणतं उत्तर हवं होतं, कुणास ठाऊक. भांग बोलली म्हटलं असतं तर कदाचित सुटले असते. पण मी मास्तरीण.

"दरोगाजी, खाल्लेली भांग चढायला किती वेळ लागतो?"

"घंटा. दीड घंटा," सवयीनं म्हणाले. हे त्या जिल्ह्यात त्यांच्याहून चांगलं कोण सांगणार?

"आणि काकू बोलल्या तेव्हा गोळी नीट घशाखाली तरी उतरली होती का?"

ते खाली बसले, एका हातानं खाटेचा खूर धरून, आपले नवे दुखरे गुडघे सांभाळत. डोळ्यांतलं पाणी मिशीत उतरत होतं आणि ते पुसत नव्हते. मी काहीतरी बोलायला गेले, तर त्यांनी हात वर केला.

"हळू बोला, बाई," म्हणाले. "झोपली हाये ती."